जुना अल्बम घ्यायचाय : तिकिटं अस्सल आहेत की नाहीत, कसं ठरवू?

पिंपळपान :

नमस्कार मंडळी. तीन वर्षांपासून पोस्टाची तिकिटं जमवतोय. आजवर ओळखीच्यांकडची पाकिटं आणि अदलाबदल यावरच भागलं. आता पहिल्यांदा पैसे मोजून एक जुना अल्बम घ्यायचा विचार आहे. विकणाऱ्या गृहस्थांच्या मामांचा तो संग्रह. त्यांना स्वतःला तिकिटांतलं काही कळत नाही, पण आठवडाभर घरी ठेवून नीट बघा म्हणून विश्वासाने माझ्या हातात दिलाय. घ्यायचा तर अख्खा अल्बम, सुटी तिकिटं देणार नाहीत.

नजर खिळली ती चार गोष्टींवर. लाल शिक्क्याचं एक पेनी ब्लॅक, म्हणजे १८४० चं ब्रिटनचं जगातलं पहिलं तिकीट, चारही बाजूंना मार्जिन (नक्षीबाहेरची कोरी कड) असलेलं. १९४८ चं गांधीजींच्या चित्राचं दहा रुपयांचं तिकीट, कोरं म्हणजे न वापरलेलं. हेलिगोलँड बेटाची अठरा तिकिटं, तीही कोरी आणि रंगाने अगदी ताजी. शिवाय मागच्या पानांवर प्राणी, फुलं, मोटारी असलेली दीडेकशे रंगीत तिकिटं, प्रत्येकाच्या कोपऱ्यात शिक्का.

माझ्याकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग, चिमटा आणि तिकिटाच्या कडेचे दाते मोजायची पट्टी आहे. कॅटलॉगातल्या चित्रांशी रंग ताडून पाहिले, जुळतात. मागितलेली रक्कम माझ्या मानाने मोठी आहे. सुरुवात कुठून करू?

निळी शाई :

आधी मामांना बाजूला ठेवा. विकणारा माणूस सज्जन असेलही, पण मामांना कोणी काय विकलं होतं हे त्यालाही ठाऊक नसणार. नकली तिकिटं आजची नाहीत. हॅम्बुर्गच्या स्पिरो बंधूंचा हा धंदा दीडशे वर्षांपूर्वी जोरात होता. तेव्हाच्या संग्राहकांनी ती घेऊन अल्बमात चिकटवली आणि आज तेच अल्बम वारसाहक्काने बाहेर येतात.

दुसरं म्हणजे तिकिटांच्या पाठी बघा आणि त्यांचं वर्णन इथे लिहा. फक्त समोरच्या बाजूवरून मी कधीच मत देत नाही.

दातेरी :

रंग चित्राशी जुळतात हे वाचून काळजी वाटली म्हणून सविस्तर लिहितो.

नकली तिकीट करणारा सगळी मेहनत चित्रावर घेतो, कारण घेणारा चित्र बघतो. म्हणून आपण चित्र सगळ्यात शेवटी बघायचं. आधी कागद, मग छपाई कोणत्या पद्धतीची, मग दाते, डिंक, शिक्का. यातली प्रत्येक गोष्ट त्या तिकिटाबद्दल काय असायला हवी हे कॅटलॉगात छापलेलं असतं. चित्राखालच्या त्या बारीक अक्षरातल्या ओळी आपण वाचत नाही, आणि नेमकं तिथेच उत्तर असतं.

छपाई ओळखायला शिका, बाकी निम्मं काम सोपं होतं. कोरीव छपाईत, म्हणजे प्लेटवर खोदलेल्या रेषांतून होणाऱ्या छपाईत, शाई कागदावर उभी राहते. तिकीट तिरक्या उजेडात धरलं की रेषा उठून दिसतात. ठशाच्या छपाईत अक्षराच्या कडेला शाई दाबून बाहेर आल्यासारखी दाट रेघ दिसते आणि कधीकधी पाठीवर दाब जाणवतो. लिथो (दगडावरून होणारी छपाई) अगदी सपाट. फोटोग्रॅव्हूरमध्ये (फोटोवरून खोदलेल्या सिलिंडरने होणाऱ्या छपाईत) सगळीकडे एकसारखी बारीक जाळी असते आणि अक्षरांच्या कडाही करवतीसारख्या दिसतात. आजच्या रंगीत ऑफसेटमध्ये मात्र निळे, किरमिजी, पिवळे, काळे ठिपके वेगवेगळे दिसतात आणि त्यांची छोटी छोटी फुलं झालेली असतात. १९ व्या शतकातल्या कोरीव तिकिटावर अशी फुलं दिसली की पुढचं काही तपासायचं कारणच उरत नाही.

पण उलट बाजूही लक्षात ठेवा. एक कसोटी लागली म्हणजे तिकीट अस्सल ठरत नाही. ज्याँ द स्पेराती हा माणूस एखाद्या मालिकेतलं स्वस्त आणि अस्सल तिकीट घ्यायचा, त्यावरची छपाई रसायनांनी घालवायचा आणि त्याच कागदावर त्याच मालिकेतलं महागडं तिकीट छापायचा. म्हणजे कागद अस्सल, जलचिन्ह (कागदातच उमटवलेली खूण) अस्सल, दाते अस्सल, पुष्कळदा शिक्कासुद्धा अस्सल. १९४२ मध्ये त्याचं एक पाकीट फ्रेंच कस्टम्सने पकडलं. तिकिटं खरी आणि मौल्यवान आहेत असं तज्ज्ञांनी सांगितलं आणि परवान्याशिवाय मौल्यवान माल बाहेर धाडल्याचं प्रकरण त्याच्यावर आलं. ही माझीच नक्कल आहे हे त्यालाच सिद्ध करावं लागलं. पुढे १९५४ मध्ये त्याचा उरलेला साठा ब्रिटिश फिलाटेलिक असोसिएशन या तिकीटप्रेमींच्या संस्थेने विकत घेतला, तो बाजारात पसरू नये म्हणून.

स्पेरातीचं काम तुमच्या अल्बमात असण्याची शक्यता कमी. तरीही तीनचार कसोट्या एकाच बाजूला बोट दाखवेपर्यंत निर्णय करू नका.

आणि एक. 'अस्सल आहे का' आणि 'घेण्याजोगं आहे का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरं वेगळी लिहा. अल्बमाच्या मोहात ते एकमेकांत मिसळतात.

आठ आणे :

गांधी मालिका हा माझा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो.

१५ ऑगस्ट १९४८ ला चार तिकिटं आली : दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडमध्ये, कुर्व्हाझिए यांच्या छापखान्यात, फोटोग्रॅव्हूर पद्धतीने. दाते साडेअकरा, म्हणजे दोन सेंटिमीटरच्या लांबीत साडेअकरा छिद्रं. दहा रुपयांच्या तिकिटाला मागणी फार, त्यामुळे नकलाही फार. सरकारी वापरासाठी 'सर्व्हिस' असा छापा मारलेला गांधी तर दुर्मिळातला दुर्मिळ. तसा कुणी दाखवला तर आधी छापाच खोटा धरून चाला आणि प्रमाणपत्राशिवाय बोलणीही करू नका.

तुमचं तिकीट भिंगाखाली धरा. चेहऱ्याकडे नंतर बघा. आधी अक्षरांच्या कडा आणि सगळ्यात फिकट भाग बघा, जिथे सावली जवळजवळ संपते. तिथे शाईचे ठिपके कसे बसलेत ते सांगा. नोटा तपासायचा जांभळा दिवा मिळाला तर खोलीत अंधार करून तिकीट त्याखाली धरा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी द्रव्यं घालायला १९५० च्या सुमारास सुरुवात झाली. १९४८ चं तिकीट दिव्याखाली निळसर पांढरं लखलखलं तर तो कागद नंतरचा समजा.

पिंपळपान :

आठ आणे, सांगितलं तसंच केलं. आधी भिंग. कपाळाजवळच्या फिकट भागात जाळी नाहीच. सुटे ठिपके आहेत, काही तांबूस, काही निळसर, मध्ये एखादा पिवळा. अंकांच्या कडेला तर ठिपक्यांचं एक फूल अर्धं कापल्यासारखं दिसतं. दाते मोजले, पट्टीवर साडेअकराला बसत नाहीत. वरच्या कडेला तेरा येतात. रात्री दिवा मिळाला. त्याच पानावरचं १९४० च्या दशकातलं दुसरं एक तिकीट शेजारी ठेवलं. ते मळकट, काळपट दिसलं आणि गांधी ट्यूबलाइटसारखं उजळलं.

खूप वाईट वाटलं. अल्बमात सगळ्यात जास्त आवडलेलं तिकीट तेच होतं.

आठ आणे :

वाईट वाटणं साहजिक आहे. शेजारी दुसरं तिकीट ठेवून तुलना केलीत हे फार चांगलं केलंत. नुसतं एक तिकीट बघून चमकतंय की नाही हे ठरवणं अवघड जातं.

सांजवेळ :

कोऱ्या तिकिटांबद्दल अनुभव सांगते, कारण हेलिगोलँडही कोरी आहेत म्हणालात.

काही वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून १९ व्या शतकातलं एक कोरं तिकीट घेतलं. मूळ डिंक, हिंजचा (तिकीट अल्बमात चिकटवायच्या कागदी पट्टीचा) डागही नाही, असं वर्णन होतं आणि त्याचीच मी जास्त किंमत मोजली. तिकीट अस्सल होतं. डिंक अस्सल नव्हता. कळलं ते वर्षभराने. चिमट्याने तिकीट उचलून दाते अंगठ्याच्या कडेवरून हलकेच फिरवले आणि टोचले. जुन्या तिकिटाचे दाते मऊ असतात. आधी डिंक लावलेला कागद, मग त्याला छिद्रं, मग तिकीट फाडून वेगळं, या क्रमाने ते तयार झालेलं असतं. म्हणून फाटलेल्या टोकांशी कागदाचे तंतू मोकळे, कापसासारखे दिसतात. नंतर डिंक लावला की तो छिद्रांत आणि टोकांवर उतरतो, तंतू चिकटून कडक होतात. माझ्या तिकिटाच्या खालच्या कडेच्या तिसऱ्या दात्यावर डिंकाचा काचेसारखा एक थेंब वाळलेला होता. वर्षभर तो माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला दिसला नव्हता.

विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला, मुदत संपली होती. तिकीट अजून माझ्याकडे आहे. आता कुणालाही डिंक शिकवायला मी तेच काढते.

जुनं तिकीट समोरून जितकं जुनं दिसतं तितकीच त्याची पाठही जुनी दिसायला हवी. शंभर वर्षांचा डिंक गुळगुळीत, एकसारखा, चकचकीत असेल तर थांबा. बिनहिंजच्या कोऱ्या तिकिटाला लोक इतके जास्त पैसे मोजतात म्हणूनच हा उद्योग चालतो.

निळी शाई :

सांजवेळ, दात्यावरच्या थेंबाचं वर्णन जपून ठेवण्यासारखं आहे.

हेलिगोलँडबद्दल. उत्तर समुद्रातलं हे छोटं बेट १८९० पर्यंत ब्रिटिशांकडे होतं, मग जर्मनीकडे गेलं. त्याची तिकिटं बर्लिनला छापली जायची, मध्ये राणी व्हिक्टोरियाचं उठावाचं मस्तक. संग्राहकांची मागणी एवढी होती की बर्लिन, लाइपझिग आणि हॅम्बुर्ग इथे त्यांची पुन्हा पुन्हा छपाई झाली, आणि पोस्टात खरोखर विकल्या गेलेल्या तिकिटांपेक्षा या पुनर्मुद्रणांचीच संख्या मोठी झाली. जुन्या अल्बमांतली कोरी, ताज्या रंगाची हेलिगोलँड बहुतेक त्यातलीच निघतात. अठरा तिकिटं, सगळी कोरी, सगळी सारखीच ताजी, म्हणजे माझं मत तिकडेच झुकतं. ही फसवणूक म्हणता येणार नाही, पण मूळ तिकिटाची किंमतही देऊ नका.

आता पेनी ब्लॅक. १ मे १८४० ला विक्रीला आलं. ६ कोटी ८० लाखांहून अधिक छापली गेली. त्यामुळे जगातलं पहिलं तिकीट असूनही ते दुर्मिळ नाही. किंमत ठरते ती स्थितीवर. त्याला दाते नाहीत, कात्रीने कापायचे, आणि दोन तिकिटांमध्ये जागा अगदी थोडी. म्हणून चारही बाजूंनी मार्जिन शाबूत असलेल्या तिकिटाला मान. तीन बाजूंचं आणि चार बाजूंचं यात किमतीचा फरक खूप पडतो, आणि म्हणूनच चौथी बाजू जोडून देणारेही असतात.

हे बघा : खालच्या दोन कोपऱ्यांत अक्षरं असतात. छापलेल्या अख्ख्या कागदावर २० ओळी आणि प्रत्येक ओळीत १२ तिकिटं, एकूण २४०. डावं अक्षर ओळीचं, म्हणून ते ए ते टी यांतलंच हवं. उजवं अक्षर ओळीतल्या जागेचं, म्हणून ए ते एल यांतलंच. उजव्या कोपऱ्यात एम किंवा त्यापुढचं अक्षर असलेलं पेनी ब्लॅक असूच शकत नाही. जलचिन्ह छोट्या मुकुटाचं. छपाई कोरीव. आणि शिक्का माल्टीज क्रॉसचा, म्हणजे चार फाकलेल्या भुजांच्या क्रॉसच्या आकाराचा, आधी लाल. तो लाल शिक्का सहज पुसता यायचा म्हणून १८४१ मध्ये तिकीटच लालसर करून शिक्का काळा केला.

मोरपीस :

अक्षरांवरून राहवलं नाही. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या स्टॉक एक्स्चेंजमधल्या पोस्ट ऑफिसात तार पाठवायच्या अर्जांवर एक शिलिंगाची नकली हिरवी तिकिटं चिकटवली गेली. पोस्ट खात्याचीच फसवणूक. जवळजवळ २५ वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. १८९८ मध्ये जुन्या अर्जांवरची तिकिटं तपासताना ती सापडली. कागदात जलचिन्ह नव्हतं आणि काहींवरची कोपऱ्यातली अक्षरं अशा जोड्यांत होती, ज्या छापील कागदावर येऊच शकत नाहीत. नक्कल करणाऱ्याला अक्षरांचा नियमच माहीत नव्हता.

आज ती नकली तिकिटं अस्सल तिकिटांपेक्षा जास्त किमतीला जातात. तेव्हा नकली म्हणजे कचरा, हे मला मान्य नाही. जिनिव्हाच्या फ्रांस्वा फूर्निए या नकला विकणाऱ्याचा साठा त्याच्या मृत्यूनंतर तिथल्या फिलाटेलिक संघाने घेतला आणि नमुने चिकटवून मोजके अल्बम तयार केले, १९२८ मध्ये. नकला अभ्यासायला आजही लोक ते शोधत असतात.

दातेरी :

मोरपीस, ऐतिहासिक नकलांबद्दल सहमत. पण पिंपळपान यांच्या गांधीला ते लागू नाही. काल ऑफसेटवर छापलेल्या तिकिटाला इतिहास नाही. ते अस्सल म्हणून पुढे कुणाच्या हाती जाऊ नये, एवढंच बघायचं.

पिंपळपान, पेनी ब्लॅकचं जलचिन्ह बघायला काळी उथळ तबकडी आणि जलचिन्ह तपासायचं द्रव लागेल. तिकीट पालथं ठेवून दोन थेंब. मुकुट गडद दिसेल. त्याच वेळी पातळ झालेला कागद, घडी, दुरुस्ती हेही दिसतं आणि माझ्या मते द्रवाचा खरा उपयोग तोच. हे द्रव पेट घेतं, तेव्हा खिडकी उघडी आणि जवळपास ज्योत नको. फोटोग्रॅव्हूर तिकिटांना लावू नका, काहींची शाई विरघळते. आणि तिकीट अजून तुमचं नाही, म्हणून आधी मालकांना फोन करून परवानगी घ्या.

पिंपळपान :

परवानगी मिळाली. अक्षरं जी आणि डी, म्हणजे नियमात. तिरक्या उजेडात राणीच्या केसांच्या रेषा वर आलेल्या दिसतात, ठिपके कुठेच नाहीत. द्रव टाकल्यावर मुकुट आला! दोनतीन सेकंद स्पष्ट दिसला, मग द्रव उडून गेलं. हात थरथरत होते.

पण खाली, नक्षी संपते तिथून पुढे, एक सरळ गडद रेघ आडवी गेलेली दिसली. पुन्हा दोनदा करून पाहिलं, रेघ तिथेच. जांभळ्या दिव्याखाली त्या रेघेच्या खालची पट्टी बाकीच्या कागदापेक्षा वेगळी, फिकट दिसते.

निळी शाई :

जोडलेलं मार्जिन. तुमचं पेनी ब्लॅक अस्सल आहे, पण तीन बाजूंचं आहे, शिवाय दुरुस्त केलेलं. दुरुस्त तिकिटाची किंमत मुळात तीन मार्जिन असलेल्या साध्या तिकिटापेक्षाही खाली येते.

दातेरीचे दोन प्रश्न आठवा. अस्सल : हो. मागितलेल्या किमतीला घेण्याजोगं : नाही.

सांजवेळ :

मागच्या पानांवरच्या रंगीत तिकिटांबद्दल कोणी लिहिलं नाही. एखादं उलटून बघा. शिक्का आहे आणि पाठीवर डिंक पूर्ण शाबूत असेल तर ती तिकिटं पाकिटावर कधी लागलीच नाहीत. छापखान्यातच चारचार तिकिटांच्या कोपऱ्यांवर एकदम शिक्का मारून संग्राहकांना गठ्ठ्याने विकलेली असतात. त्यातली काही तर ज्या देशाचं नाव वर असतं तिथल्या टपाल खात्याने काढलेलीही नसतात. नवीन तिकीट खरोखर कुठल्या देशाने काढलंय हे बघायला जागतिक टपाल संघटनेची नोंद आहे, २००२ पासूनची. लहान मुलाला या छंदाची गोडी लावायला ही तिकिटं सुंदर. किमतीत मात्र धरू नका.

पिंपळपान :

उलटून पाहिली, डिंक जसाच्या तसा.

अजून एक विचारायचं राहिलं. कॅटलॉगातल्या किमती जमेला धरून मी हिशेब केला होता. आता तोही चुकलाच का?

दातेरी :

हो. कॅटलॉगातली किंमत उत्तम स्थितीतल्या तिकिटाची असते. दाते तुटलेले, रंग उडालेला, कागद पातळ झालेला, की ती भराभर खाली येते. अगदी सामान्य तिकिटांपुढे छापलेली किमान किंमत तर विक्रेत्याच्या हाताळणीची असते; अशी पाचशे तिकिटं मिळून पाचशेपट रक्कम होत नाही. तसल्याच तिकिटाला प्रत्यक्ष लिलावात काय आलं ते बघत जा.

आणि किमती तिकीट असेल तर प्रमाणपत्र. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती १८९४ पासून हे काम करते, अमेरिकन फिलाटेलिक सोसायटी १९०३ पासून. प्रमाणपत्रावर तिकिटाचा फोटो असतो. शिक्क्याची जागा आणि दात्यांचा आकार हातातल्या तिकिटाशी एकेक करून जुळवा, कारण अस्सल प्रमाणपत्रासोबत दुसरंच तिकीट देण्याचे प्रकार होतात.

पिंपळपान :

आज अल्बम परत देऊन आलो. काय काय सापडलं ते त्यांना भिंगातून दाखवलं. गांधीच्या ठिपक्यांकडे ते बराच वेळ बघत राहिले. मामांनी ते कधी आणि कुणाकडून घेतलं, त्यांना आठवेना. त्या पानावर पेन्सिलीने 'नक्कल' असं लिहून ठेवायला त्यांनीच सांगितलं. लिहून आलो.

अख्खा अल्बम घेत नाही म्हटल्यावर ते नाराज झाले नाहीत. पेनी ब्लॅक सुटं द्यायला तयार झाले, दुरुस्त तिकिटाच्या भावाने. घेतलं. स्टॉकबुकमध्ये (तिकिटं ठेवायच्या वहीत) त्याच्या शेजारी चिठ्ठी ठेवली आहे : जी डी, मुकुट, लाल माल्टीज क्रॉस, खालचं मार्जिन जोडलेलं.

निळी शाई :

चिठ्ठी तिकिटासोबतच राहू दे, कधी पुढे दिलंत तरीही. आणि आता अक्षरांवरून, नक्षीतल्या बारीक फरकांवरून ते कोणत्या प्लेटचं आहे ते शोधायला लागा. छपाईच्या अकरा प्लेट होत्या. दोन महिने सहज जातील.